ज्यू घरांत मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी का ठेवतात? नीट घासून एकच भांडे वापरले तर काय बिघडते?

प्रश्नाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. हा नियम स्वच्छतेचा नाही, आणि आपल्याकडच्या सोवळ्याओवळ्यासारखा विटाळाचाही नाही. कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार खाण्यास योग्य, असे मांस आणि दूध आपापल्या जागी दोन्ही चालतात. निषिद्ध आहे ते दोन्ही एकत्र शिजणे. भांड्याचा संबंध येतो तो त्यात मुरलेल्या चवीमुळे, आणि मुरलेली चव घासून जात नाही.

मूळ आज्ञेत भांड्यांचा उल्लेखही नाही. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस’ एवढेच वाक्य तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, तीन ठिकाणी येते (निर्गम 23:19 व 34:26, अनुवाद 14:21). तेच वाक्य तीनदा का, यावर तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या प्राचीन संग्रहात, एक उत्तर असे दिले आहे की एकदा शिजवण्याची मनाई आहे, एकदा खाण्याची आणि एकदा त्यापासून कोणताही लाभ घेण्याची. पक्ष्यांचे मांस या नियमात रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, नंतर आणले. गालीलचे रब्बी योसे यांना ते मान्य नव्हते, कारण पक्ष्याच्या आईला दूधच नसते. त्यांच्या गावचे लोक पक्ष्याचे मांस दुधाबरोबर खात असत, असे तालमूदच सांगते. आज्ञेचे कारण मात्र तोरा देत नाही. मैमोनिदीस या ज्यू तत्त्वज्ञाने 12व्या शतकात तिचा संबंध मूर्तिपूजकांच्या विधींशी असावा असा तर्क केला, तर इब्न एझ्रा या भाष्यकाराला त्या कृतीत क्रौर्य दिसले. पाळणाऱ्याला कारण ठाऊक असलेच पाहिजे, अशी अट नाही.

भांड्यांचा आधार दुसरीकडे आहे. तोरातल्याच ‘गणना’ या पुस्तकाच्या 31व्या अध्यायात मिद्यानी लोकांच्या लुटीतल्या धातूच्या वस्तू आगीतून काढाव्यात, असा आदेश आहे. त्यावरून रब्बींनी असा सिद्धांत मांडला की तापलेले भांडे अन्नाची चव शोषून घेते, पुन्हा तापले की ती सोडते, आणि चव ही त्या पदार्थाच्या बरोबरीचीच धरायची. काल मटण शिजलेल्या पातेल्यात आज दूध तापवले, तर धर्मनियमाच्या हिशेबी मांस दुधात शिजले. माशाचे कालवण ज्या मडक्यात होते त्यात, ते कितीही घासले तरी, आपल्याकडेही कोणी दूध तापवत नाही. कोकणातल्या वाचकाला यापेक्षा अधिक सांगायला नको. मातीच्या भांड्याबाबत तोराही कठोर आहे: पापार्पणाचे मांस शिजलेले मडके फोडायचे, तांब्याचे भांडे मात्र घासून विसळायचे, असे तिच्यातल्या ‘लेवीय’ या पुस्तकात म्हटले आहे.

हा हिशेब किती बारीक असतो, ते मला इस्रायलमधल्या बेअर शेवा येथे संशोधनासाठी राहत असताना कळले. पहिल्याच आठवड्यात मी चहासाठी दूध तापवले ते लाल मुठीच्या पातेल्यात. लाल मांसाचे आणि निळे दुधाचे, हे मला सांगितलेले होते, पण सकाळच्या झोपेत विसरलो. घरमालकीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी रब्बींना फोन लावला आणि तिकडून आलेले प्रश्न मला विचारले: दूध उकळले होते की नुसते कोमट होते? पातेल्यात मांस शेवटचे कधी शिजले होते? सूप दोन दिवसांपूर्वी झाले होते. चोवीस तास उलटले की मुरलेली चव बिघडली असे मानतात, त्यामुळे माझा चहा पिण्याजोगा ठरला. पातेले मात्र अडकले, कारण आता त्यात दोन्ही चवी होत्या. ते एक दिवस तसेच ठेवून, मग मोठ्या डेगीतल्या खळखळत्या पाण्यात पूर्ण बुडवून काढले, तेव्हा कुठे ते पुन्हा वापरात आले.

मग प्रत्येक वेळी असे उकळून एकाच भांड्यावर का भागवू नये? मलाही तोच प्रश्न पडला होता. अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, परंपरेत नेमके हेच टाळण्याची रूढी आहे, कारण एकच भांडे आलटूनपालटून वापरणारा एखाद्या दिवशी उकळायला विसरणारच. माझ्यासारख्या माणसाच्या बाबतीत हा अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही.

काचेबाबत मतभेद आहेत. ‘शुल्हान आरुख’ या ज्यू धर्मनियमांच्या संहितेचे कर्ते योसेफ कारो काच काहीच शोषत नाही असे मानतात, पोलंडचे मोशे इसर्लेस यांनी त्यावर कडक टिपण जोडले आहे.

कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाची, म्हणजे आपल्या शनिवार तेल्यांची, मटणाची आमटी मात्र या पेचात सापडत नाही, कारण तिच्यात नारळाचे दूध असते आणि ते नियमाच्या लेखी दूधच नव्हे. तरीही पाहणाऱ्याचा गैरसमज नको, म्हणून बदामाच्या दुधात मांस शिजवल्यास शेजारी बदाम ठेवावेत, असे याच इसर्लेस यांनी लिहून ठेवले आहे. मी नारळाच्या दुधाचा डबा पहिल्यांदा घरी आणला, तेव्हा घरमालकीणबाईंनी तो ताटाशेजारी ठेवला, आणि वरचे नारळाचे चित्र सर्वांना दिसेल असा फिरवून ठेवला.