कपाटाची किल्ली कोणाकडे?

प्रश्न : आमच्या शाळेत मुलींसाठी सॅनिटरी पॅड उपलब्ध आहेत. तरीही सातवी-आठवीच्या काही मुली दर महिन्याला दोन-तीन दिवस गैरहजर राहतात, किंवा मधल्या सुट्टीनंतर घरी निघून जातात. आमचे कुठे चुकते आहे?
— एक शिक्षिका

उत्तर : हजेरीपटावरून आपण ही गोष्ट हेरलीत, हे मोलाचे आहे, एरवी ती ‘पोटदुखी’ या एका शब्दाखाली वर्षानुवर्षे दडून राहते. पॅड आहेत असे आपण लिहिता, पण ते ठेवलेल्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते? ती कार्यालयात असेल, तर बारा वर्षांची मुलगी चारचौघांत पॅड मागण्यापेक्षा घर गाठणेच पसंत करते. ते स्वच्छतागृहातच, न मागता हाती येतील असे ठेवावेत. थोडे जास्त संपले, तर संपू द्यावेत.

मग एकदा स्वतः त्या स्वच्छतागृहात जाऊन दार लावून पाहावे. पॅड साधारणपणे चार ते सहा तासांनी बदलावा लागतो, म्हणजे शाळेच्या वेळेत निदान एकदा; परंतु कडी बसत नसल्यामुळे जिला एका हाताने दार ओढून धरावे लागते, ती तो बदलणार कसा? पाणी, साबण, गुंडाळायला कागद आणि झाकणाची कचरापेटी हे सारे आतच हवे. पेटी बाहेर व्हरांड्यात असली, तर वापरलेला पॅड हातात घेऊन तिथवर कोणी जात नाही. तो संडासात टाकला जातो, संडास तुंबतो आणि अखेर स्वच्छतागृहालाच कुलूप लागते. केनियाने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून सरकारी शाळांतील मुलींना मोफत पॅड देण्याची जबाबदारी शासनावर टाकली, तेव्हा त्यांच्या सुरक्षित विल्हेवाटीची सोयही त्याच दुरुस्तीत घातली. मला हे फार शहाणपणाचे वाटते.

नुसत्या साधनाने हजेरी वाढतेच असे नाही. नेपाळमध्ये शाळकरी मुलींना मेन्स्ट्रुअल कप (पाळीचे रक्त साठवणारा, शरीराच्या आत बसवायचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा छोटा कप) देऊन केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. कप अनेकींनी आपलासा केला, पण हजेरीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कप ओटीपोटातल्या कळा थांबवत नाही. त्यासाठी शाळेत घटकाभर आडवे होण्याची जागा व गरम पाण्याची पिशवी असावी, आणि दर महिन्याला असह्य कळा येत असतील, तर पालकांना सांगून डॉक्टरांना दाखवावे.

घरी कापड वापरणाऱ्या मुलींना कमी लेखू नये. साबणाने धुऊन उन्हात खडखडीत वाळवलेले कापड चांगलेच असते. लाजेपोटी इतर कपड्यांखाली दडवून दमट राहिलेले मात्र त्रास देते.

राहिली गोष्ट माहितीची. काही मुलींना पाळी दहाव्या वर्षीच येते, म्हणून ही माहिती पाचवीतच द्यावी, आणि मुलग्यांनाही द्यावी. डाग दिसल्यावर वर्गात पिकणारा हशा हे गैरहजेरीचे कारण असू शकते, आणि ते कोणतीही मुलगी रजेच्या अर्जात लिहीत नाही. आपण मुलींकडून बिननावाच्या चिठ्ठ्या मागवून पाहा.