उपचार घेतला तर काम जाईल का?

"मॅडम, मी औषध सुरू केलं आन् पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) कळलं, त माह्यं काम जाईन का?" समुपदेशनाला समोर आशाताई असो, एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका) असो की गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणारी), हा प्रश्न येतोच.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आशाताईंचं सांगते, ओळख बदलून. गावातल्या एका शेतकऱ्याने आत्महत्या केली. त्याच्या घरी मानसिक आरोग्याच्या सर्वेक्षणाला ह्याच गेल्या होत्या. तेव्हापासून झोप उडाली. माझ्याकडे आल्या त्या मात्र डोकेदुखी घेऊन. (आमच्याकडे दुःख बहुधा डोकं, कंबर नाहीतर ॲसिडिटी होऊनच येतं.)

सुरुवातीला सगळं बोलणं गावाचं. कोणाची सून बाळंत झाली, कोणाचं लसीकरण राहिलं. मी मध्ये बोलत नाही; समोरच्याच्या वेगाने चालावं, या मताची मी आहे. एकदा म्हटलं, "ताई, घरोघरी जे विचारता ते मला विचारून दाखवा."

त्यांनी सरावाच्या आवाजात सुरू केलं. "दोन आठवड्यांपासून झोप येत नाही का? कामात मन लागत नाही का? जीव नकोसा..." आणि थांबल्या.

"हे त माह्यंच हाय."

"तुम्हाला विचारलं कोणी?"

"मले कोण विचारन जी?"

बराच वेळ रडल्या. मग तो अर्धवट राहिलेला प्रश्न मी सरळ विचारला. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. "मरावं असं नाही वाटत," त्या म्हणाल्या, "पण सकाळी उठूशी नाही वाटत." जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला त्या तिथेच तयार झाल्या. एवढ्या भेटींत मी एकही उपदेश केला नाही, याचं मला समाधान आहे.

आता कामाचं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 23 नुसार, मोजके अपवाद सोडले तर उपचाराची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. डॉक्टरांना, समुपदेशकांना तसं बजावून सांगा, तो तुमचा हक्क आहे. जिल्ह्याला जाणं जमत नसेल तर 14416 वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

आणि तालुक्याच्या साहेबांना एक विनंती. गावात माता मृत्यू झाला की अन्वेषण होतं, आशाताईचं रजिस्टर तपासलं जातं. त्याच आठवड्यात, रजिस्टर न मागणाऱ्या कोणीतरी तिला फोन करावा. मासिक बैठकीतही अहवाल घेण्याआधी थोडा वेळ असा ठेवावा, जिथे वरिष्ठ खोलीत नसतील.