बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन बसवायचाय, गिझरच्या पॉइंटवरूनच वायर ओढली तर चालेल का?

नाही. गिझरला १६ नाहीतर २० अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) असते, पंख्याची बारीक वायर जळाली तरी ती पडेलच असं नाही. लाइटच्या लाइनवरून घ्या, ६ अँपिअरच्या एमसीबीवरून.

खरं तर एवढं सांगून गप्प बसणार होते. पण तुम्ही खाली लिहिलंय, "मेहुणे थोडंफार इलेक्ट्रिकचं करतात, तेच लावून देणार आहेत." म्हणून बसले लिहायला.

आमच्याकडे भावजी करतात थोडंफार. कर्वेनगरला आमची जुनी बिल्डिंग. तापकीर गल्लीतून पत्र्याच्या बॉडीचा पंखा आणला, अर्ध्या तासात लावला, चहा घेऊन गेले. दोन वर्षं उत्तम चालला. मग दिवाळीच्या साफसफाईत मी स्टुलावर चढून जाळी पुसत होते. बटण बंद, पाती थांबलेली. तोल जाऊ नये म्हणून डावा हात शॉवरच्या पाइपवर, उजव्या हातात ओलं फडकं. वाफेने जॉइंटवरची काळी टेप सुटून लोंबत होती, तिथे बोट लागलं. पुढचं आठवतं ते खाली पडल्यावरचं. कोपराला चार टाके.

टाक्यांचं काही नाही. पण सासूबाईंपासून समोरच्या काकूंपर्यंत सगळ्यांचं एकच, "ओल्या हाताने गेलीसच कशाला?" आजही निघतो तो विषय.

टाके निघाल्यावर शिलाई मशीनच्या खणातला टेस्टर घेऊन पुन्हा चढले. बटण बंद असताना दोन्ही वायरींवर टेस्टर लागला. दोन्ही! भावजींना बोलावून दाखवलं, तर म्हणे, "वहिनी, एक फेज आणि दुसरा रिटर्न. पंखा बंद होतो ना? मग झालं."

रिटर्नच, पण तो यायला नको होता. बटण करंट आणणाऱ्या फेजवर न बसवता, तो परत नेणाऱ्या न्यूट्रलवर बसवलं होतं. न्यूट्रल तुटली की पंखा थांबतो, पण फेज चोवीस तास मोटरपर्यंत येऊन बसलेला असतो आणि वाइंडिंगमधून, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीतून, दुसऱ्या वायरीतही उतरतो. बटण फेजवरच हवं. हात ओला होता हे खरं, पण बटण बंद होतं हेही खरंच ना?

दुसरं, "पंख्याला कसलं अर्थिंग, गिझर आहे का तो?" पत्र्याच्या बॉडीला लागतं, भावजी, वाचत असाल तर. आमच्या लाइटच्या बोर्डात अर्थिंगची हिरवी वायर आलेलीच नव्हती. अशा ठिकाणी डबल इन्सुलेशनचा प्लास्टिकचा पंखा घ्यावा, त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते.

आणि एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. ६ अँपिअर म्हणजे ६००० मिलिअँपिअर, त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही माणूस जाऊ शकतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला की ती सप्लाय तोडते. बाथरूमच्या लाइनवर बसवली तर आमची सारखी पडायला लागली. वायरमन म्हणाला, काढून टाकू. मी त्यालाच काढून टाकलं. दुसऱ्याने शोधलं, पंख्याची न्यूट्रल भलत्याच लाइनवरून उचललेली. कोणी उचलली ते सांगायला नको.

तुमचं बटण बाथरूमच्या बाहेर घ्या. वायर दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची. जॉइंट झाकणाच्या बॉक्समध्ये कनेक्टरने करा, टेपने नाही.

हो, मी इलेक्ट्रिशियन नाही, आणि टेस्टर लागला नाही म्हणजे करंट नाही असंही समजू नका. काम मेन बंद करूनच, तेही लायसन्सवाल्याकडून. मेहुण्यांना जेवायला बोलवा हवं तर.

गिझर गॅसचा असेल तर मात्र पंख्याच्या भरवशावर तो बाथरूममध्ये ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो आधी बाहेर काढा, पंख्याचं नंतर बघू.