वर्षभर मळभ असलेली जागा

प्रश्न: मला ऊन अजिबात आवडत नाही. म्हणून डोक्यात एक काल्पनिक गाव रचतोय जिथे वर्षभर सूर्य दिसतच नाही. पृथ्वीवर असं हवामान खरंच होऊ शकतं का? आणि तिथे सतत पाऊस पडायलाच पाहिजे का? झाडं तरी उगवतील का?

उत्तर: पावसाचं आधी सांगतो कारण तिथेच बहुतेकांची गल्लत होते. धो धो पाऊस तुमच्या गावाच्या कामाचा नाही, कारण वादळ येतं, झोडपतं आणि पुढे सरकलं की मागे आभाळ मोकळं होऊन लख्ख ऊन पडतं. तुम्हाला हवाय तो एकाच जागी तळ ठोकून बसलेला बुटका ढग. पेरूमधलं लिमा बघा, वर्षाचा पाऊस 20 मिलिमीटरपण नाही म्हणजे चक्क वाळवंट, तरी हिवाळ्यात महिनोन्‌महिने आभाळ राखाडी! समुद्रात थंड हम्बोल्ट प्रवाह, त्यामुळे खालची हवा गार नि दमट, आणि वरून खाली उतरणारी कोरडी उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते, मग ढग ना वर वाढू शकत ना पांगत. उन्हाळ्यात समुद्र जरा तापला की झाकण ढिलं होतं आणि सूर्य हजर.

चीनच्या सिचुआन खोऱ्यात समुद्र नाही, पण चारी बाजूंनी डोंगर असल्याने ओल आतच कोंडते. याच खोऱ्यातल्या चोंगछिंग शहरात वर्षाला हजार-अकराशे तासच ऊन पडतं. तिकडची जुनी म्हण आहे की सिचुआनची कुत्री सूर्य दिसला की भुंकतात. (मला ही म्हण जाम आवडते.)

पण बारमाही मळभ म्हणाल तर दक्षिण महासागरच. न्यूझीलंडच्या दक्षिणेला साधारण 52 अंशांवर कॅम्पबेल बेट आहे, तिथे वर्षाला जेमतेम 650 तास ऊन आणि 215 दिवस तर तासभरसुद्धा नाही. पृथ्वीवर कुठेही वर्षाकाठी दिवसाचे साधारण 4,400 तास मिळतात, म्हणजे हा हिशोब 15 टक्क्यांच्या आसपास जातो. हे तास मोजायला एक जुनं साधं यंत्र आहे, काचेचा भरीव गोळा आणि त्याच्यामागे पुठ्ठ्याची पट्टी, ऊन पडलं की गोळा ते एका ठिपक्यावर एकवटतो आणि पट्टीवर जळकी रेघ उमटत जाते. कॅम्पबेलसारख्या ठिकाणी संध्याकाळी पट्टी काढली की बऱ्याचदा कोरीच.

आता तुमचं गाव. अक्षांश 55 च्या जवळपास धरा कारण तिथे सूर्य कमजोर, ढगाला वरून तापवून विरळ करायची ताकद कमी. ध्रुवावर नेऊ नका, तिथे सहा महिने काळोख असतो आणि ती चीटिंग झाली. लिमासारखा थंड समुद्र समोर, सिचुआनसारखे डोंगर मागे, आणि वर तेच झाकण. पण घोडं इथेच अडतं: हे झाकण टिकायला एकाच जागी मुक्काम ठोकलेला जास्त दाबाचा पट्टा लागतो, आणि त्या अक्षांशावर तर एकामागून एक वादळं येत असतात, ती झाकण उडवतात आणि दोन वादळांच्या मध्ये फट पडतेच. म्हणून शंभर टक्के नाही जमणार. एखाद-दुसरा महिना मात्र जमतो, मॉस्कोत डिसेंबर 2017 मध्ये अख्ख्या महिन्यात फक्त 6 मिनिटं ऊन पडलं होतं. वर्षभराचं विचाराल तर माझ्या मते 10 टक्क्यांच्या खाली नेणंही अवघडच.

आणि झाडं? बिनधास्त उगवतील. मळभातूनही पुरेसा उजेड खाली येतो. कॅम्पबेलवर मोठे वृक्ष जवळपास नाहीत, पण त्याचं कारण वारा आणि थंडी जास्त. गवत, शेवाळ भरपूर आणि वर रुंद रुंद पानांची अवाढव्य झुडपासारखी रोपं, पिवळ्या नि जांभळ्या फुलांची. मिळेल तेवढी ऊब पकडायला ती मोठी पानं उपयोगी पडत असावीत असं मानतात. तेव्हा गावात बाग ठेवा, फक्त पानं मोठी दाखवा.