दोन दिवसांत रेल्वेने इटलीतल्या लेक कोमोच्या काठची किती गावं बघून होतील?

तुमची यादी अशी आहे: कोमो, चेर्नोब्बियो, बेलाजियो, मेनाजियो, वारेन्ना आणि "जमलं तर लुगानो". मे महिन्यातला एक शनिवार-रविवार, मिलानहून रेल्वेने, पहिलीच खेप. अशीच यादी आमच्या व्याह्यांच्या वहीत होती, म्हणून लिहायला बसलोय.

आधी उत्तर देतो. दोन गावं नीट होतील. तिसरं, बोटीतून उतरून पाय मोकळे करण्यापुरतं. रात्री राहायचं असेल तर वारेन्नात राहा. लुगानो खोडून टाका.

नकाशा उघडून बघा. सरोवराला खाली दोन फाटे आहेत. एकाच्या टोकाला कोमो, दुसऱ्याच्या टोकाला लेक्को आणि फाटे जुळतात तिथे बेलाजियो. रेल्वे कोमोला येते आणि दुसरीकडून पूर्व काठाने लेक्को, वारेन्ना करत वर जाते. पश्चिम काठावर कोमोच्या पुढे रूळच नाहीत. तुमच्या यादीतल्या बेलाजियोला स्टेशन नाही, मेनाजियोला नाही, चेर्नोब्बियोलाही नाही. तिथे बोट नाहीतर बस. म्हणजे रेल्वेच्या नावाखाली तुम्ही खरं तर बोटींची सहल आखताय, आणि यादी कोलमडते ती बोटींपाशीच. कोमो ते बेलाजियो साधी बोट दोन्ही काठांना टेकत टेकत दोन तास घेते. जलद बोट तासाच्या आत नेते, पण तिच्यात जागा मोजक्या असतात.

आमची मुलगी आणि जावई मिलानला नोकरीला होते तेव्हा आम्ही दोघं आणि व्याही-विहीणबाई एकाच वेळी तिकडे गेलो. मुलांना सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही चौघंच निघालो. व्याह्यांनी आदल्या रात्री वही काढली. प्रत्येक गावापुढे उतरायची वेळ, निघायची वेळ, लाल शाईने. मी म्हटलं, "एवढी गावं कशाला, दोनच करू." ते म्हणाले, "अहो, इतक्या लांब आलोय, पुन्हा कोण येतंय?" आम्ही मुलीकडचे. व्याह्यांना तोंडावर नाही म्हणायची आमच्या पिढीत रीत नाही. शेवटी मुलीनेच तोड काढली, पहिला दिवस सासऱ्यांचा आणि दुसरा बाबांचा.

आता हे लक्षात घ्या की आमचे व्याही आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होते. विद्युतघट कसा बनतो हे शिकवता शिकवता त्यांचे केस पांढरे झाले. आणि कोमो म्हणजे पहिला विद्युतघट बनवणाऱ्या अलेस्सांद्रो व्होल्टांचं गाव. 1745 साली ते तिथे जन्मले आणि 1827 साली तिथेच गेले. सरोवराच्या काठावर त्यांच्या नावाचं घुमटाचं संग्रहालय आहे, त्यात त्यांची उपकरणं ठेवली आहेत. बोटीच्या धक्क्यापासून चालत दहा मिनिटं. ती पांढरी इमारत आम्हाला दिसली ती बोटीतून, डाव्या हाताला. व्याह्यांनी विचारलं, ते काय आहे? मी सांगितलं. ते गप्प झाले, मग वहीत बघून म्हणाले, "आता बोट सुटली." चाळीस वर्षं मुलांना व्होल्टा शिकवलेला माणूस त्यांच्या दारावरून पुढे गेला, कारण चेर्नोब्बियोला उतरायची वेळ लाल शाईने लिहिली होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि थोडा रागही येतो.

पुढचं सगळं तसंच. चेर्नोब्बियोला उतरलो, पुढच्या बोटीची वाट बघितली. मेनाजियोला उतरलो, पुन्हा तेच. बेलाजियोला पोचलो तेव्हा विहीणबाईंचे गुडघे बोलायला लागले होते, आणि ते गाव तर पायऱ्यांच्या गल्ल्यांचं. परत कोमोला जायला जलद बोट भरलेली. साध्या बोटीने गेलो असतो तर रात्र झाली असती. मग मी म्हटलं, समोर वारेन्ना आहे, पंधरा मिनिटांत पलीकडे जाऊ, तिथून मिलानची थेट गाडी मिळते. तसंच केलं. गाडीत विहीणबाईंनी विचारलं, "आइस्क्रीम खाल्लं ते कुठलं गाव?" व्याह्यांना वही उघडावी लागली.

दुसऱ्या दिवशी माझा बेत. मिलानच्या मोठ्या स्टेशनवरून, म्हणजे चेन्त्रालेवरून, तिरानोची गाडी. फलकावर वारेन्ना शोधू नका. तिरानो किंवा सोंद्रियो लिहिलेलं असतं, थांब्यांच्या यादीत वारेन्ना-एसिनो आहे का ते बघा. साधारण तासाभराचा प्रवास. जाताना डावीकडे बसा. लेक्को सोडलं की पाणी त्या बाजूला येतं. मध्ये बोगदे पुष्कळ, त्यामुळे पाणी दिसतं आणि नाहीसं होतं. या गाड्यांना जागा राखून ठेवायची सोय नाही आणि भाडं ठरलेलं, तेव्हा महिनाभर आधी तिकीट काढण्यात काही हशील नाही. कागदी तिकीट मात्र चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात पंच करा.

वारेन्नाला स्टेशनवरून उतारावरून खाली चालत गेलं की धक्का. तिथून पाण्याला लागून पायवाट गावात जाते. आम्ही सावकाश गेलो आणि मग व्हिला मोनास्तेरोच्या बागेत शिरलो. ही बाग काठाकाठाने जवळपास दोन किलोमीटर पसरली आहे. मी मुद्दाम काही बोललो नव्हतो. आत गेल्यावर व्याह्यांना कळलं की भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींनी 1954 च्या उन्हाळ्यात इथेच व्याख्यानं दिली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते वारले. इटलीच्या भौतिकशास्त्र संस्थेची उन्हाळी शाळा 1953 पासून इथे भरते आणि आज तिला त्यांचंच नाव आहे. त्यानंतर वही काही पिशवीतून बाहेर आली नाही. ते तिथे किती वेळ रेंगाळले! मला फर्मी समजावून सांगत होते आणि मी ऐकत होतो. दोघी बाकावर बसून बोटी बघत होत्या. दुपारी दक्षिणेकडून वारा सुटतो, त्याला तिथले लोक ब्रेव्हा म्हणतात. तो सुटल्यावर आम्ही फेरीबोटीने एकदा पलीकडे जाऊन आलो, नुसतं डेकवर उभं राहण्यासाठी.

आणि तरीही प्रत्येक कार्यात ते चारचौघांत सांगतात, "आमच्या व्याह्यांनी एक अख्खा दिवस बाकावर बसवून घालवला." तिथे मी हसून वेळ नेतो. इथे व्याह्यांना सांगतो: बाकावर दोघी बसल्या होत्या, तुम्ही बागेत होता, आणि त्या सहलीबद्दल तुम्ही जे सांगता ते सगळं दुसऱ्या दिवसाचं आहे. पहिल्या दिवसाबद्दल तुम्ही फक्त गावांची नावं सांगता. यादी लांबवणाऱ्याला वाटतं तो पैसे वसूल करतोय. माझ्या मते तो सोबतच्यांचा वेळ धक्क्यांवर उधळतो.

तुमच्याबरोबर असं कोणी असेल तर शनिवार कोमोला द्या. मिलानच्या कादोर्ना स्टेशनवरून जाणारी गाडी थेट सरोवराजवळ सोडते. सान जोव्हान्नी हे कोमोचं दुसरं स्टेशन, तिथून बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात. व्होल्टा बघा, मग 1894 पासून चालणाऱ्या फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या डोंगरी रेल्वेने, वरच्या ब्रुनाते गावाला जा. रविवारी वारेन्ना आणि फेरीने बेलाजियो. मेनाजियो राहिलं तर राहू द्या.

हे सगळं मे महिन्यापुरतं खरं. हिवाळ्यात बोटी कमी होतात आणि हॉटेलंही बरीच बंद असतात. शनिवार-रविवारी गर्दी आमच्यापेक्षा जास्त लागेल, आम्ही आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलो होतो. रविवारी संध्याकाळी मिलानला परतणाऱ्या गाड्या खच्चून भरतात, तेव्हा दुपारीच निघा किंवा सरळ रात्री उशिरा. बेलाजियोत राहूच नये असं नाही, पण सामान फेरीत चढवायची आणि पायऱ्यांवरून ओढायची तयारी हवी. लुगानोचा हट्टच असेल तर ते स्वित्झर्लंड आहे, पासपोर्ट जवळ ठेवा. आणि निघण्याच्या आठवड्यात रेल्वेचा संप आहे का ते बघा. संपाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 ठरावीक गाड्या सोडतात, पण ती सोय कामाच्या दिवसांची. तुमच्या शनिवार-रविवारी तिच्यावर विसंबू नका.