वाचकांचे प्रश्न : महिन्याचा किराणा आणि घरातली सहा ताटे

प्रश्न : आम्ही सांगलीला राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत, पगार एकच. वाणसामान यादी करूनच भरते, तरी वीस तारखेनंतर ओढाताण सुरू होते. पुढच्या महिन्यापासून तूरडाळ आणि दूध कमी करावे असे मनात आहे. माझे वेगळे धरू नका, मी उरलेले संपवते. आणखी कोठे काटकसर करता येईल?

उत्तर : ताई, डाळीला आणि दुधाला कृपा करून हात लावू नका. मुलांच्या वाढत्या अंगाला आणि वडीलधाऱ्यांच्या झिजत्या शरीराला लागणारी प्रथिने आपल्या जेवणात बऱ्याच अंशी तेथून येतात. डाळी आणि कडधान्ये मिळून माणशी रोज 40 ग्रॅम धरली, तर महिन्याला सात किलोंहून थोडी अधिक लागतात. हा हिशेब सहा माणसांचा आहे, पाचांचा नव्हे. आपले ताट त्यात पहिल्यापासून धरलेच पाहिजे, हे मी आग्रहाने सांगते. मात्र सातही किलो तूर घेण्याचे कारण नाही. तीन किलो तूर घ्यावी आणि बाकी मसूर, मूग, मटकी, चवळी, हरभरा असे वाटून घ्यावे. वरणात निम्मी मसूर मिसळली तर चव फारशी बिघडत नाही, आणि वाटीभर मटकीला मोड आले की ती दोन-अडीच वाट्या होते.

आपली यादी चुकत असेल असे मला वाटत नाही. पैसा जातो तो बहुधा यादीबाहेर. एक महिना स्वयंपाकघरात वही टांगून ठेवा आणि मधल्या दिवसांत आणलेली प्रत्येक वस्तू व टाकून दिलेले प्रत्येक अन्न तीत लिहा. मी अशी वही ठेवली, तेव्हा रविवारी स्वस्त मिळाल्या म्हणून आणलेल्या मेथीच्या तीन जुड्यांपैकी एक गुरुवारी ओल्या पिशवीत काळी पडलेली सापडली आणि त्याच संध्याकाळी भाजी नाही म्हणून मी पुन्हा बाजारात गेले होते. त्या दिवसापासून मी पदार्थ ठरवणे सोडले आणि फक्त क्रम ठरवू लागले : बाजाराच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पालेभाजी, मग दोन दिवस फळभाजी, त्यानंतर उसळ, आणि टोपली रिकामी झाली की पिठले किंवा कढी. पालेभाजी मेथीची की चाकवताची, हे त्या दिवशीचा भाव ठरवतो. पावसाळ्यात पालेभाज्या महागल्या की त्यांचा एक दिवस उसळीला द्यावा.

पोळ्यांचेही एकदा मोजून पाहा. किलोभर कणकेच्या मध्यम आकाराच्या 35 ते 40 पोळ्या होतात. म्हणजे रोज 24 पोळ्यांना महिन्याला 20 किलो गहू पुरतो. त्याहून बराच जास्त लागत असेल, तर रोज किती पोळ्या उरतात ते पाहावे. तेल घेताना पिशवीवरचे वजन वाचावे. एक लिटर तेल सुमारे 910 ग्रॅम भरते, पण सारख्या दिसणाऱ्या पिशव्यांत ते कमीही असू शकते. पाकिटांवर ग्रॅमची किंवा किलोची किंमत छापलेली असते. तिची तुलना केली की मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते असे नाही, हे ध्यानात येते.

प्रश्न : नाशिकमध्ये आमचे दोन खोल्यांचे घर आहे. वर्षाचे धान्य एकदम भरणे परवडते का?

उत्तर : नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो आणि तेव्हा भाव बहुधा नरम असतो, म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात धान्य भरण्याची रीत पडली. पण ती रीत गच्ची, कोठी आणि वाळवणाला हात असलेल्या घरांची होती. ऊन दाखवून, एरंडेल चोळून, कोरड्या डब्यात ठेवण्याची सोय नसेल, तर पावसाळी दमटपणात कीड लागून वाचवलेले पैसे वाया जातात. त्यासाठी उसने पैसे तर मुळीच घेऊ नयेत. तीन महिन्यांचा गहू घ्या, आणि जूनच्या आत डबे एकदा पूर्ण रिकामे करून उन्हात तापवा.