आरेत सापडलेला लांब मिशांचा भुंगा नवीन प्रजात निघाला तर त्याला माझं नाव देता येईल का?

गुगल लेन्सने हात टेकले म्हणजे प्रजात नवीन होत नाही. तुम्ही लिहिलंय तसा राखाडी, अंगठ्याएवढा, डोक्यामागे दोन तांबूस ठिपके, म्हणजे वंश बॅटोसेराच, आणि बहुतेक बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा, आंब्याचा खोडकिडा. डी गियर नावाच्या स्वीडिश माणसाने 1775 मध्येच त्याचं नाव ठेवलंय. तेव्हा असले भुंगे सरसकट सेरॅम्बिक्स नावाच्या एकाच वंशात टाकायचे, पुढे वंश बदलला म्हणून प्रजातीच्या नावापुढे डी गियर आणि साल आता कंसात लिहितात. त्याचा भाऊबंद बॅटोसेरा रुबस, त्याचं नाव तर वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअसने ठेवलेलं, 1758 मध्ये.

हे आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत कुणी ऐकून घेतलं असतं तर आंबा वाचला असता. पावसाच्या तोंडावर जिन्यातल्या ट्यूबलाईटवर हाच भुंगा आला, खाली खोडाला भोकं आणि बुंध्याशी ओला भुसा, मी सेक्रेटरींना सांगितलं की हा भिरूड आहे, अळी आत लाकूड पोखरतेय, तारेने भोक साफ करा, औषधाचा बोळा घाला आणि चिखलाने लिंपा. तर म्हणे वाळवी आहे, आणि भुंगा तो भुंगा, नाव कळून काय करायचंय! पेस्ट कंट्रोलवाल्याने सालीवर बाहेरून फवारलं, आतल्या अळीला त्याचा पत्ताही नाही. दोन पावसाळ्यांत मोठी फांदी स्कूटरवर पडली आणि मग झाडच कापलं. वाळवीचं औषध वेगळं, भिरुडाचं वेगळं, इतकं साधं आहे हो. वर्गीकरण म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणणाऱ्यांना मी तो बुंधा दाखवायचो, आता तिथे पार्किंग आहे.

तर नावाचं. नुसत्या फोटोवर काही होत नाही. नमुना लागतो, तो संग्रहालयात जमा करावा लागतो, जुन्या मूळ नमुन्यांशी (म्हणजे ज्यांच्यावरून आधीची नावं ठेवली गेली त्यांच्याशी) ताडून वर्णन छापावं लागतं, आणि आपल्याकडच्या भुंग्यांचे कितीतरी मूळ नमुने लंडन-पॅरिसला पडलेत. लांब मिशांच्या इतर गटांसाठी गहानचं 1906 चं फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया हे पुस्तक अजून काढावं लागतं, बॅटोसेराचा गट मात्र त्यात नाही. स्वतःचं नाव स्वतः द्यायला नियमाची बंदी नाही, पण लोक हसतात, दुसऱ्याने दिलं तर ठीक.

आणि हो, ठिपक्यांवर मीपण पैज लावणार नाही, दोन्ही बॅटोसेरांची फोटोत अदलाबदल होते. आरेतून परवानगीशिवाय उचलूनही आणू नका. सगळे लांब मिशांचे भुंगे झाडाचे वैरी नसतात, पुष्कळ मेलेल्या लाकडावरच जगतात, तेव्हा दिसला की चपला घेऊन धावू नका. पुढच्या वेळी फोटो बाजूने पण काढा, चेहरा सरळ खाली उतरलेला दिसला तर उपकुल लॅमिइनी, म्हणजे बॅटोसेरा ज्यात येतो तो गट. आणि तुमच्या सोसायटीत आंबा असेल तर बुंध्याशी भुसा पडलाय का ते आजच बघा, सेक्रेटरींना विचारत बसू नका.